उथळसरच्या मशीनवाल्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील, तसं मी त्यांना सांगून ठेवलंय. समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणता आणि परत मशीनमध्ये डोकं घालता. म्हणून लिहून काढते आहे, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे. उथळसरच्या एका बोळात, त्या बाकड्यामागे कसा माणूस बसतो ते लोकांना कळायला हवं.

तुमच्या हाताखालून गेलेली ती सिंगरची जुनी शिवणमशीन ऐरोलीला पोचली. गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंनी घेतली. त्यांना हातमशीनच हवी होती. जाड थरातून एकेक टाका आपल्या अंदाजानं टाकता येतो, आणि पायमशीन मावेल एवढी त्यांची खोलीही नाही. शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते ते, कसं भरायचं, दोरा कुठून ओवायचा ते मी तिथेच बसून दाखवलं. पहिली ओळ झाल्यावर त्यांनी कापड उलटं केलं, खालचा टाका बोटानं चाचपला आणि एक शब्द न बोलता दुसरी ओळ सुरू केली. परतताना ठाण्याच्या गाडीत मला रडू आवरलं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी या मशीनचं काय काय झालं ते मी तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. नौपाड्यातली जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला जायची असली की माळ्यावरचं सगळं खाली येतं. तांब्याचे बंब, पितळी डबे यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. शिवणाची मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते, किलोच्या भावानं. ही तशीच मिळाली. मॉडेल १२८, नंबराच्या आधी 'वाय' अक्षर, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात १९२०-३०च्या काळात बनलेली. तो कारखाना १९८० साली बंदसुद्धा झाला. मशीनमधलं जुनं तेल वाळून डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि चाक जागचं हलत नव्हतं, पण मशीनचं बिडाचं अंग कुठेही तडकलं नव्हतं.

एका दुकानात मशीनकडे न बघताच "भंगार आहे, नवीन घ्या" म्हणाले. दुसरीकडे मला सांगितलं, "मॅडम, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना समजावून सांगतो." काय समजावणार होते? मशीन मी शोधलेली, पैसे माझे, आवड माझी. ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

तिसऱ्यानं ती ठेवून घेतली. त्यापेक्षा नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. मशीन चकाचक करायची म्हणून त्यानं थिनरचा बोळा फिरवला आणि दर्शनी बाजूची सोनेरी नक्षी अर्धी पुसून टाकली. वरचं लाखेचं पॉलिश थिनरनं विरघळतं, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला नको? जाड तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लावून स्क्रूच्या खाचा मोडल्या. आणि मशीन परत आली तेव्हा शटल गायब. "त्यात नव्हतंच" म्हणाला. उषा किंवा मेरिट कंपनीची मशीन असती तर बॉबिन केस कुठल्याही दुकानात मिळाली असती. हे लांब बॉबिनचं निमुळतं शटल आता इथल्या दुकानांत कुठे मिळतं? ते नसेल तर ही मशीन फक्त दिवाणखान्यात मांडून ठेवायची.

तशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले. खरं सांगते, भांडायच्या तयारीनंच आले होते. तुम्ही किती पैसे घेतलेत, किती दिवस लागले, ते राहू दे. शटल तुमच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निघालं, कधीची मोडीत निघालेली मशीन आणि तिचं तेवढं शटल तुम्ही जपून ठेवलेलं, याबद्दलही आभार आहेतच. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

तुम्ही मशीन बाकड्यावर घेतलीत, चाकावर हात ठेवलात, दिव्याखाली स्क्रू पाहिलेत. मग उठलात. स्टूल माझ्याकडे सरकवलंत आणि स्वतः दोऱ्याच्या खोक्यावर बसलात. "मशीन तुमची आहे ताई, तुम्हीच उघडा. मी बघतोय." बाहेर फॉल-पिकोच्या मशिनी घेऊन दोघंतिघं ताटकळत होते. त्यांना म्हणालात, "थोडं थांबावं लागेल, बाईंचं काम चाललंय."

बाईंचं काम. मी कितीतरी दुकानांत उभी राहिले आहे, काका. बसायला सांगणारे तुम्ही पहिले.

आणि मग तो स्क्रूड्रायव्हर. लाकडी मुठीला पांढरी पट्टी गुंडाळलेली, मळून काळपट झालेली. तोंड तुम्ही स्वतः घासून पातळ केलेलं, सिंगरच्या अरुंद खाचेत तळापर्यंत बसेल असं. म्हणालात, "यांचे आटेपण वेगळे असतात, बाजारातला स्क्रू चालत नाही. म्हणून हे स्क्रू जिवापाड जपायचे." त्या मोडक्या खाचेत मी तो लावला, दाबून हळूच फिरवला, आणि स्क्रू कुरकुरत सुटला. तो खाली पडू नये म्हणून तुमचा तळहात आधीच तिथे होता. सुटलेला प्रत्येक स्क्रू तुम्ही डबीच्या झाकणात ओळीनं मांडत होतात, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं. मला उपदेश केला नाहीत, माझ्या हातातून हत्यार ओढून घेतलं नाहीत. निघताना तोच स्क्रूड्रायव्हर कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलात.

खंडेनवमीला मी तो पाटावर ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. पुजायला तोपर्यंत माझ्याकडे स्वतःचं असं हत्यार नव्हतं.

ठाण्यात अशी माणसं अजून आहेत. बँकेत म्हाताऱ्यांची स्लिप भरून देणारा शिपाई आहे. स्टेशनच्या जिन्यावर माझ्या हातातल्या जड मशीनची दुसरी बाजू न विचारता उचलणारी कॉलेजातली मुलगी होती, वर पोचल्यावर थांबलीसुद्धा नाही. यांच्यावर कोणी बातमी करत नाही. ज्यानं नक्षी पुसली त्याच्या दुकानावर मात्र भलामोठा बोर्ड आहे, 'सर्व प्रकारच्या मशिनी'.

तुमची आणखी एक गोष्ट मी उचलली. विकताना काय बदललंय ते घेणाऱ्याला आधी सांगायचं, मग भाव. ऐरोलीच्या बाईंना मी तसंच सांगितलं: शटल मूळचं नाही, त्याच जातीच्या दुसऱ्या मशीनचं आहे, नक्षी गेलेली आहे, ती परत येणार नाही, मशीन उलटा टाका मारत नाही. त्यांनी भाव पाडून मागितला आणि मी दिला. जुनी सिंगर म्हणून भलत्याच मशीनला नवी नक्षी चिकटवून विकणारे पाहिलेत मी. त्यांच्या रांगेत मला बसायचं नाही.

काका, कोपरीहून एक ६६ नंबरची सिंगर मिळते आहे, बिडाच्या स्टँडसकट. चाक छान फिरतं, पण दाते कापड पुढे सरकवत नाहीत. सोमवारी स्टँड सोडून मशीनचं डोकं तेवढं रिक्षातून घेऊन येते. सकाळी लवकर येईन, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांचा खोळंबा होणार नाही. उघडीन मीच, तुम्ही फक्त कुठे अडलंय ते सांगा.

तुमची,
कळव्याची ताई