प्रागच्या हावेल ग्रंथालयातील चर्चा-संयोजिकेस जाहीर आभार पत्र

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

आपल्याला इंग्रजीतून आभाराचे पत्र मी वेगळे पाठवले आहेच. हे पत्र मराठीतून आणि सर्वांसमक्ष लिहिण्याचे कारण असे की, आपण केलेली मदत माझ्या एकटीपुरती राहिलेली नाही. सातारा जिल्ह्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयात आता श्रोते उभे राहून वक्त्याला प्रश्न विचारतात, वक्ते एकमेकांचे म्हणणे समोरासमोर खोडून काढतात आणि कार्यक्रम संपल्यावर एकाच टेबलाशी चहा घेतात. हे कोणामुळे शक्य झाले, ते आमच्या सभासदांना आणि गावोगावच्या ग्रंथालय कार्यकर्त्यांना कळायला हवे. आपले नाव कोठेही येऊ नये, ही आपली इच्छा मात्र मी पाळत आहे.

वाचकांच्या माहितीसाठी थोडे सांगते. मुलीकडे चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागला राहायला गेले असताना, वाचनालयाची कार्यवाह या नात्याने तिथली ग्रंथालये पाहावीत, एवढ्याच हेतूने मी वात्स्लाव हावेल ग्रंथालयात आले होते. राष्ट्रीय नाट्यगृहापासून पायी काही मिनिटांवर, ओस्त्रोव्नी नावाच्या रस्त्यावर ते आहे. नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हावेल यांच्या नावाची ही संस्था त्यांच्या पत्नी दाग्मार हाव्लोवा, राजकारणी कारेल श्वार्झेनबेर्ग आणि समाजशास्त्रज्ञ मिलोस्लाव पेत्रुसेक यांनी २००४ साली स्थापन केली. आमच्याकडच्यासारखी पुस्तकांची देवघेव हे तिचे मुख्य काम नव्हे. हावेल यांचे लेखन, पत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिफिती जतन करणे, पुस्तके प्रकाशित करणे आणि संध्याकाळी सभागृहाची दारे उघडून लोकांना बोलायला, ऐकायला बोलावणे हा तिचा व्यवहार आहे. एका संध्याकाळी पुस्तक प्रकाशन, दुसऱ्या संध्याकाळी लेखकाचे अभिवाचन, कधी माहितीपट, कधी गाण्याची मैफल, आणि बहुतेक वेळा चर्चा: न्यायालयांवर, शेजारच्या देशांतल्या राजकैद्यांवर, शाळांवर, युरोपच्या भवितव्यावर.

मला चेक भाषा येत नव्हती. इंग्रजीतल्या कार्यक्रमांपुरते यावे असे मी ठरवले होते, पण आपण मला चेकमधल्या चर्चांनाही बसवून घेतलेत. कार्यक्रमाआधी आपण माझ्या हातात एक कागद देत असा. त्यावर वक्ते कोण, ते कोणत्या मुद्द्यावर एकमेकांशी सहमत आहेत आणि नेमके कोठे त्यांचे पटत नाही, हे चार-पाच ओळींत इंग्रजीतून लिहिलेले असे. तो कागद मुळात आपण सूत्रसंचालकासाठी तयार करत होतात, हे मला पुढे कळले. ‘कोठे पटत नाही’ ही ओळ लिहिता येत नसेल तर ती चर्चा ठेवण्यात अर्थ नाही, असे आपण मला सांगितलेत, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या शिक्षणाची सुरुवात तिथून झाली. आमच्याकडे परिसंवाद म्हणजे एकाच मताची तीन माणसे एकाच विषयावर पाळीपाळीने बोलणार, असा शिरस्ता पडून गेला होता.

आणखी एक गोष्ट मी जवळून पाहिली. श्रोत्यांतून कोणी हात वर केला आणि तोंड उघडले, की आपण तळहात दाखवून त्याला थांबवत असा. ध्वनिवर्धक रांगेतून हातोहात त्याच्यापर्यंत पोहोचे, आपण मागच्या टेबलावरच्या तंत्रज्ञाकडे पाहत, त्याने मान हलवली की मगच प्रश्न सुरू होई. मागच्या कोपऱ्यात बसलेल्या, पुटपुटत बोलणाऱ्या म्हातारबुवांसाठीही हा नियम मोडला जात नसे. वक्त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित झाले आणि प्रश्न हवेत विरून गेला, तर ऐकणाऱ्याच्या हाती निम्मीच चर्चा लागते, हे आपले स्पष्टीकरण मला तत्काळ पटले. तुमच्या ग्रंथालयाच्या अनेक संध्याकाळी नंतर इंटरनेटवर पाहायला मिळतात आणि त्यांत नामवंतांच्या बरोबरीने साध्या नागरिकांचे आवाजही जपले जातात, याचे मोल ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

एवढी काळजी का घ्यायची, याचे उत्तर आपण मला ग्रंथालयाबाहेर नेऊन दिलेत. ओस्त्रोव्नीला लागूनच समांतर जाणाऱ्या नारोद्नी रस्त्यावर १७ नोव्हेंबर १९८९ रोजी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यानंतर प्रागच्या नाट्यगृहांनी संप पुकारला, पण दारे बंद केली नाहीत. नाटकाऐवजी रंगमंचावर नट आणि प्रेक्षक यांच्यात चर्चा होऊ लागल्या. १९ नोव्हेंबरला ‘नागरी मंच’ ही संघटना स्थापन झाली, तीही एका नाट्यगृहातच. त्या धामधुमीत मंचाने संवादाच्या आठ नियमांचे एक पत्रक काढले. त्याची प्रत आपण मला दिलीत आणि एकेक नियम समजावून सांगितलात. समोरचा हा शत्रू नसून सत्य शोधण्याच्या कामातला भागीदार आहे. त्याचे म्हणणे समजून घेण्याचा प्रयत्न करावा. पुराव्यावाचून केलेल्या विधानाला युक्तिवाद म्हणू नये. विषय सोडून पळू नये. शेवटचा शब्द आपलाच असावा असा अट्टहास धरू नये. समोरच्याची अप्रतिष्ठा करू नये. संवादाला शिस्त लागते, हे विसरू नये. आणि आपलेच भाषण चालू ठेवून त्याला संवाद म्हणू नये. राजवट कोसळत असताना, रस्त्यांवर लाखो माणसे जमलेली असताना, एखाद्या चळवळीला बोलावे कसे हे लिहून काढण्याची निकड वाटते, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यामागे वीस वर्षांचा कोंडमारा होता. विद्यापीठातून दूर केलेले प्राध्यापक मित्रांच्या घरी, बंद दाराआड तत्त्वज्ञान शिकवत होते; बंदी असलेली पुस्तके कार्बन कागद लावून टंकलिखित केली जात आणि हातोहात फिरत. ‘चार्टर ७७’ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक, तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या दीर्घ चौकशांनंतर १३ मार्च १९७७ रोजी मरण पावले. हावेल यांनी १९७९ ते १९८३ ही वर्षे तुरुंगात काढली. (याच हावेल यांना भारत सरकारने २००३ सालचा गांधी शांतता पुरस्कार दिला, हे आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल.) त्या काळातली टंकलिखिते पाहावीत म्हणून आपण मला ‘लिब्री प्रोहिबिती’ या ग्रंथालयाचा पत्ता दिलात. स्वतः तुरुंगवास भोगलेल्या यिर्झी ग्रुंतोराद यांनी ते १९९० मध्ये उभे केले. तिथली ती पातळ कागदाची पाने हातात घेतल्यावर, तुमच्या सभागृहात ध्वनिवर्धकासाठी थांबणाऱ्या माणसाकडे मी निराळ्या आदराने पाहू लागले.

आपल्याशी झालेल्या बोलण्यात मला सर्वाधिक उपयोगी पडलेला भाग मात्र याहून जुना आहे. चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक २८ ऑक्टोबर १९१८ रोजी जन्माला आले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नागरिकशास्त्राचे लोकवर्ग चालवण्याचा कायदा झाला आणि जुलैत प्रत्येक गावाने सार्वजनिक ग्रंथालय काढलेच पाहिजे असा कायदा झाला. व्याख्यान आधी, ग्रंथालय पाच महिन्यांनी. दोन्ही एकाच विचारातून आलेली. आमच्या महाराष्ट्रातही व्याख्यानाची परंपरा लहान नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली आणि गावोगावच्या वाचनालयांनी तिचा कित्ता गिरवला. मला त्या परंपरेचा अभिमान आहे. तरीही अध्यक्षीय समारोप, आभार प्रदर्शन आणि राष्ट्रगीत एवढ्यावर सभा संपते, प्रश्नांना ‘वेळेअभावी’ फाटा मिळतो, हे आमच्याकडे इतके अंगवळणी पडले होते की त्यात काही उणे आहे, असे कोणाला वाटतही नव्हते.

गावी परतल्यावर मी आपल्याला शंकांची लांबच लांब पत्रे पाठवली आणि आपण प्रत्येकीला उत्तर दिलेत. वक्ते किती असावेत? दोन, फार तर तीन. सूत्रसंचालकाने स्वतःचे मत सांगावे का? सांगू नये, पण विषय त्याला वक्त्यांइतकाच ठाऊक असावा. प्रश्नांना वेळ किती? एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी नको. कोणी भाषणच ठोकू लागला तर? त्याला प्रश्नाचे चिन्ह कोठे येणार आहे, असे नम्रपणे विचारावे. हे शेवटचे उत्तर आमच्या ग्रंथपालांना तोंडपाठ झाले आहे.

पहिल्या चर्चेला आम्ही ऊस आणि पाणी हा विषय घेतला, कारण आमच्या तालुक्यात यावरून घराघरांत मतभेद आहेत. एका बाजूला कालव्याखालचे ऊस उत्पादक, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या विहिरी मार्चमध्येच तळ गाठतात असे जिरायत शेतकरी. कार्यकारी मंडळातील काहींना वादाची धास्ती होती आणि ती रास्त होती. आठ नियम मराठीत लिहून आम्ही मुक्तद्वार विभागाच्या भिंतीवर लावले आणि सुरुवातीला मोठ्याने वाचले. आवाज चढले, नाही असे नाही. पण समोरच्याची अप्रतिष्ठा करू नये, हा सहावा नियम कोणीतरी बसल्या जागेवरून म्हणून दाखवला आणि चढलेला आवाज खाली आला. आजवर फक्त कथा-कादंबऱ्या बदलायला येणाऱ्या एका सभासद बाईंनी ध्वनिवर्धक हातात घेऊन, ठिबक सिंचनाचा पहिला खर्च दोन एकरवाल्याने कोठून काढायचा, असे विचारले. दोन्ही वक्त्यांना त्याचे सरळ उत्तर देता आले नाही, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. तो प्रश्न आमच्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो.

हे मुद्रण आम्ही तारीख, विषय आणि प्रश्नकर्त्यांच्या परवानगीसह नोंदवहीत दाखल करून ठेवले आहे, जसे आपण सुचवले होते. शेजारच्या दोन वाचनालयांनी नियमांची प्रत मागून नेली आहे.

पुढची चर्चा गावातील मराठी शाळांची पटसंख्या का घटते आहे, यावर ठरली आहे. शिक्षक, पालक आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे एक चालक असे तिघे यायला तयार झाले आहेत. ‘कोठे पटत नाही’ ही ओळ या वेळी मी लिहिली आहे, पण ती फारच लांबली आहे. टिपणाचे इंग्रजी रूप या आठवड्यात पाठवते. सवडीने पाहून, काय गाळावे ते कळवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह