शेअर उघडेना म्हणून सायनिंग बंद करू नका

महोदय,

आपल्या उद्योगविषयक पानावरील लेखात, शाखेतून मुख्य कचेरीच्या सर्व्हरवरच्या ‘शेअर’मधील, म्हणजे सामायिक फोल्डरमधील, फायली उघडत नसतील तर दोन उपाय सुचवले आहेत. एक, मोठी लाइन घ्या. दोन, तरीही जमले नाही तर सर्व्हरवरचे ‘एसएमबी सायनिंग’, म्हणजे फायलींच्या देवाणघेवाणीतल्या निरोपांवरची डिजिटल सही, बंद करा. पहिल्या उपायाने फार तर पैसे वाया जातील, दुसरा मात्र छापायलाच नको होता. मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे नेटवर्क सांभाळतो. आमचा फाइल सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे हे दुखणे रोजच्या ओळखीचे.

आधी लाइनचे बघू. बडोदा ते मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 4 मिलीसेकंद. पण केबल वळसे घेत जाते, मधे राउटर असतात, त्यामुळे 20-25 मिलीसेकंद सहज होतात. त्यात विंडोजचा एसएमबी हा फायली मागवण्याचा प्रोटोकॉल जात्याच बोलघेवडा, आणि जुनी आवृत्ती तर फारच. फाइल आहे का, हक्क आहेत का, दुसऱ्या कोणी उघडली आहे का, मग तुकड्यातुकड्याने वाचन, आणि दर वेळी लाइनवरून जाऊन-येऊन एक फेरी. मोठे असेंब्ली ड्रॉइंग उघडताना अशा हजार फेऱ्या झाल्या, तर 25 सेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. लाइन 50 एमबीपीएसची 100 केली तरी ते 25 सेकंद जागच्या जागी!

म्हणूनच अनेक कंपन्यांनी दोन्ही टोकांना वॅन ऑप्टिमायझर (लांबच्या लाइनवरचे काम वेगवान करणारे खोके) बसवले. एकदा येऊन गेलेला मजकूर हे खोके आपल्या डिस्कवर ठेवते, पुढचा भाग आधीच मागवून ठेवते आणि शाखेतल्या संगणकाला जवळच्या जवळ उत्तर देते. पण त्यासाठी त्याला संगणक आणि सर्व्हर यांच्या बोलण्यात मध्यस्थ म्हणून शिरावे लागते. सायनिंगचा हेतू तर नेमका उलटा आहे : प्रत्येक निरोपावर सही असते, त्यामुळे मधल्या कोणाला त्यात फेरफार करता येत नाही. हे खोके भले आहे की चोर, ते सहीला कळत नाही. खोके कंपनीच्या विंडोज डोमेनमध्ये (संगणक आणि खाती यांच्या सामाईक नोंदणीत) सामील करून योग्य हक्क दिले, तरच ते सही झालेल्या संवादात वैधपणे शिरू शकते. नाहीतर चांगल्यात चांगले म्हणजे वेग जातो, आणि मांडणी चुकली असेल तर शेअरच उघडत नाही.

हा प्रश्न आत्ताच का उफाळला, याचा लेखात उल्लेख नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि कचेऱ्यांत नवे लॅपटॉप आले. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत, प्रो आणि एंटरप्राइझमध्ये, सायनिंग मुळातच सक्तीचे आहे. मग जुन्या संगणकावर झेड ड्राइव्ह (शेअरला जोडलेला ड्राइव्ह) झटकन उघडतो आणि शेजारच्या नव्या लॅपटॉपवर रखडतो. लोक लॅपटॉपला दोष देतात.

खरा दोष शोधायचा तर पहिली गोष्ट म्हणजे खोके बायपासला टाकून, म्हणजे वाहतूक त्याला वगळून जाऊ देऊन, पाहणे. त्या क्षणी चालू जोडण्या तुटतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना फायली सेव्ह करायला सांगून. बायपासमध्ये शेअर हळू का होईना पण उघडला, तर सर्व्हर आणि हक्क ठीक आहेत, दुखणे खोक्यात आहे. तरीही उघडला नाही, तर खोक्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चूक क्रमांक 53 आला तर नाव सापडत नाही किंवा एसएमबीचे 445 क्रमांकाचे पोर्ट (वाहतुकीचे दार) अडले आहे. 5 आला तर हक्कांचा प्रश्न, आणि तो सर्व्हरवरच सुटतो.

आयपी पत्त्याने शेअर उघडतो, नावाने उघडत नाही, ही खूण मला सर्वांत उपयोगाची वाटते. पत्ता दिला की विंडोज साधारणपणे एनटीएलएम या जुन्या पद्धतीने ओळख पटवते, नाव दिले की केर्बेरॉस या डोमेनच्या पद्धतीने. केर्बेरॉस घड्याळाच्या बाबतीत काटेकोर आहे, मुळातल्या मांडणीत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. तेव्हा खोक्याचे घड्याळ बघावे. सर्व्हरला दुसरे टोपणनाव दिले असेल तर ते डोमेनमध्ये रीतसर नोंदले आहे का, हेही बघावे. आमच्याकडे नवी फायरवॉल बसवल्यावर आणखी एक प्रकार झाला. काही कंपन्यांची खोकी टीसीपी जोडणीच्या सुरुवातीला एक खूण घालून एकमेकांना ओळखतात. फायरवॉल ती खूण पुसत होती. फायरवॉलवाले लाइनवाल्यांकडे बोट दाखवत, लाइनवाले खोकेवाल्यांकडे. बॅकअप लाइन असेल तर जाणारी पाकिटे एकीकडून आणि येणारी दुसरीकडून तर नाहीत ना, हेही एकदा तपासावे, कारण दुसऱ्या लाइनवर बहुधा खोके नसते.

यातले काही न करता सायनिंग बंद करणे, जुना एसएमबी 1 पुन्हा चालू करणे, ‘एव्हरीवन’ला (म्हणजे सरसकट सगळ्यांना) फुल कंट्रोल देणे, हे बडोद्यात सर्रास चालते. तक्रार लगेच मिटते, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) कागदावर सही घेऊन जातो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय याच एसएमबी 1 मधल्या छिद्रातून पसरले आणि ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांपर्यंत पोहोचले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती न बसवलेली यंत्रे बळी पडली.

लेखकाने आपला सायनिंगविषयीचा सल्ला मागे घ्यावा. ते शक्य नसेल, तर निदान त्याचे धोके पुढच्या भागात तितक्याच ठळकपणे छापावेत, ही विनंती. तो लेख आमच्या व्यवस्थापकांनीही वाचला आहे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा
(कृपया नाव छापू नये)