झाकणाच्या आतली चिठ्ठी

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुरुस्त केलेली आमची पेटी, म्हणजे हार्मोनियम, मंगळवारी घरी आली. रात्री झाकण उघडलं तेव्हा आतून चिकटवलेलं पाकीट हाताला लागलं. तुमच्या ओट्यावर नुसतं 'येते काका' म्हणून निघाले होते, आभार राहूनच गेले. ते आता चारचौघांसमोर मानते. तुम्हाला असलं जाहीर कौतुक आवडत नाही, ठाऊक आहे. तरी वाचा.

पाकिटात दोन स्प्रिंगा, मऊ कातड्याचा बोटभर तुकडा आणि वहीचं एक पान. पानावर तुमच्या अक्षरात: 'भात्याचे डावीकडचे दोन कोपरे नवीन. सरस वापरला आहे, फेव्हिकॉल नाही. मधल्या सप्तकातली काळी चार, नर, दोनदा घासली. पहिल्यांदा माझ्या हातून जास्त घासली गेली, म्हणून मुळाशी घासून उतरवावी लागली. पत्रा पातळ झाला आहे. तिसऱ्यांदा घासू नये, सूर बदलावा.'

'माझ्या हातून जास्त घासली गेली.' काका, हे वाक्य लिहिलं नसतंत तर जगात कुणाला कळलं नसतं. पेटी सुरात आहे, आम्ही खूश आहोत, विषय संपला असता.

पेटी न वाजवणाऱ्यांना यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगते. 'काळी चार' म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, आणि प्रत्येक पट्टीला दोन सूर, खालचा खर्ज आणि वरचा नर. पेटीचा सूर म्हणजे एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पितळेची पातळ जीभ. मोकळ्या टोकाशी घासली की सूर चढतो, रिव्हेटपाशी घासली की उतरतो. म्हणजे चढवा नाहीतर उतरवा, पितळ कमीच होतं. जास्त चढला म्हणून मुळाशी घासायचं, मग जास्त उतरला म्हणून परत टोकाशी, असं दोन-तीनदा झालं की जीभ थकते आणि एखाद्या दिवशी ऐन अभंगात टक्कन तुटते. वरून बघून हे ओळखू येत नाही. पुढचा कारागीर भाबडेपणाने पुन्हा कानस उचलणार. त्या न पाहिलेल्या माणसासाठी तुम्ही चिठ्ठी ठेवलीत.

फोनवर विचारलं तर म्हणालात, "पुढच्या पाळीच्या माणसाला कळायला नको?" एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पाळी काही सुटली नाही तुमची.

तुमच्याआधी हीच पेटी दोनदा दुकानात जाऊन आली होती. दुकानाचं नाव घेत नाही. पहिल्यांदा भाता गळत होता. त्यांनी घड्यांवर फेव्हिकॉल थापून दिला. घडीवर तो वाळला की कडक होतो, भाता उघडझाप करताना तिथेच तडकतो, आणि आधी नव्हती तिथे नवी गळती सुरू होते. शिवाय तो जोड पुढे उघडायचा झाला तर लाकडाचा टवका घेऊनच येतो. सरसाचं तसं नाही. गरम ओलं फडकं धरलं की सरस सुटतो. म्हणूनच जुने कारागीर त्याचा वास सहन करत आले. दुसऱ्यांदा एक सूर मुका होता, तर तो काढून भलताच बसवला. पेटी गुजरातेतल्या पालिताण्याच्या नामांकित सुरांची, मध्येच एक आवाज पत्र्याच्या डब्याचा! जुना सूर मागितला तर 'टाकला'. बिलावर एकच शब्द, 'सर्व्हिसिंग'. मुका सूर बहुतेक वेळा मेलेला नसतोच, जीभ आणि पितळी चौकटीच्या फटीत कचरा अडकलेला असतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून सरकवून काढायची, जीभ हलकेच उचलून सोडायची. तोंडाने फुंकर मात्र मारायची नाही. थुंकीच्या ओलीने पितळ कळकतं.

हे सांगली-मिरजेत घडावं याचं जास्त वाईट वाटतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर सतारीच्या भोपळ्यासाठी जीव टाकतात. पेटीच्या वाट्याला मात्र सावत्रपणा. अर्थात तो काही आजचा नाही म्हणा, आकाशवाणीनेसुद्धा 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंदच ठेवलं होतं.

तुमचं काम बघणं म्हणजे वर्कशॉपमध्ये उभं राहणं. आधी सगळ्या खुंट्या बंद, भाता भरायचा, हात सोडायचा आणि मोजायचं. आमचा भाता चार म्हणेपर्यंत बसला. तुम्ही उदबत्ती पेटवून कोपऱ्याकोपऱ्यावरून फिरवलीत. धूर थरथरला की तिथे खडूची खूण. सूरपाटी, म्हणजे सगळे सूर जिच्यावर बसवलेले असतात ती फळी, परत बसवताना स्क्रू एका ओळीने आवळले नाहीत. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, इंजिनाच्या हेडचे नट आवळतात तसे. एकच बाजू आधी आवळली की पाटी तिरकी बसते आणि तिच्याखालच्या फटीतून हवा निसटते. कारागीर नुसतं 'गळतंय' म्हणून सोडून देतात ती गळती बऱ्याचदा हीच असते.

आणि ते फिलर गेज! इंजिनातल्या टॅपेटची फट मोजायचं पातळ पातं पेटीच्या जिभेखाली आधाराला सरकवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आधार नसला की कानशीच्या दाबाने जीभ वाकते आणि दोष कानशीचा की वाकल्याचा हे शेवटपर्यंत कळत नाही. घासणं तरी किती, दोन-तीन हात. मग थांबायचं, कारण घासून पितळ तापतं आणि तापलेला सूर खोटा बोलतो. गार झाल्यावर तंबोऱ्याच्या ॲपबरोबर लावून लाटा मोजायच्या. 440 आणि 442 कंपनांचे दोन सूर एकत्र लावले तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. त्या लांबत लांबत नाहीशा झाल्या की सूर मिळाला. भाताही बेताने मारायचा, जोर केला की सूर किंचित उतरतो. 42 पट्ट्या, खर्ज आणि नर मिळून 84 सूर, आणि प्रत्येकाला हाच सोपस्कार.

तेही कधी? तुमचा दिवस लिहून काढला तर नोकरीतल्या माणसाला घाम फुटेल. पहाटे घाटावर चक्कर, मग दूध, मग नातीला शाळेत सोडणं, गच्चीवरच्या वाफ्यांना पाणी, आणि साडेदहा ते एक पेट्या. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघून गल्लीत सांगत फिरणं हे आणखी एक बिनपगारी काम. 40 फूट इशारा, 45 धोका, हे सगळ्यांना पाठ असतं. पण 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं हे लक्षात ठेवून 35 लाच म्हाताऱ्यांची औषधं आणि कागदपत्रं माळ्यावर चढवायला लावणारे तुम्ही. नोव्हेंबर आला की पेन्शनरांचे हयातीचे दाखले. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, ठसा लागत नाही, म्हणून माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, चष्मा काढायला लावायचा आणि मोबाईलवर चेहरा घ्यायचा. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर आणि बँकेचं पासबुक आणायला विसरलेल्या माणसाला तुम्ही हसतमुखाने परत पाठवता, हे मी पाहिलंय. रागावत नाही. रागावायला हवं खरं म्हणजे, काहीजण दरवर्षी विसरतात.

काकू म्हणतात, निवृत्तीनंतर माणूस घरी असतो असं ऐकलं होतं.

पैशांचं बोलणं तुम्ही कातड्याच्या किमतीवर संपवलंत, त्यावर काही लिहीत नाही. चिठ्ठीबद्दल मात्र राहवत नाही. कामात चूक सगळ्यांच्याच हातून होते, डॉक्टर, शिक्षक, स्वयंपाकी, कुणीही घ्या. ती झाकायला झाकण हाताशीच असतं. तुम्ही त्याच झाकणाला आतून चूक चिकटवून ठेवलीत, तारखेसकट. मंडळात पान वाचून दाखवलं तेव्हा टाळवाल्या मावशी म्हणाल्या, "हा माणूस रोजचा हरिपाठ वेगळा कशाला म्हणेल?" मला त्यावर काही सुचलं नाही, म्हणून पेटी ओढून सूर धरला.

कोजागरीनंतर काकडा सुरू होतोय. पहाटे पाचला या, तुमच्या चकरेच्या वाटेवरच देऊळ आहे. आम्हा बायकांचा षड्ज काळी चार, म्हणजे नेमका तोच सूर. तो मी जपून वाजवीन, पण महिनाभर रोज वाजणार आहे, तेव्हा नवा सूर तुमच्या डब्यात असू द्या.

काकूंना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुमची,
भजनी मंडळातली पेटीवाली

ता. क. काल वरच्या सप्तकातली पांढरी दोन न दाबताच वाजायला लागली. तुम्ही सांगितलं होतं तसं पट्टी दाबून तिच्या आतल्या, सुराचं भोक बंद करणाऱ्या कातडी झाकणाखाली कागद घातला, पट्टी सोडली आणि कागद ओढला. कातड्याला चिकटलेला उदबत्तीच्या राखेचा कण निघाला. चिठ्ठीच्या खाली तारीख घालून लिहून ठेवलंय.