शिक्षेचा आकडा वाढवून हेतू सिद्ध होत नाही

महोदय,

द्वेषातून कुणावर हल्ला झाला की ‘शिक्षा वाढवा’ ही मागणी होतेच. ती रास्त आहे, पण सध्याची कलमे एकदा शेजारी ठेवून वाचावीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १०३(२) हे नवे कलम आले. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप. साध्या खुनालाही १०३(१) खाली तीच शिक्षा आहे. जमावाने केलेल्या गंभीर दुखापतीला ११७(४) खाली कमाल सात वर्षे, आणि एकट्याने केली तरी ११७(२) खाली सातच. कलम नवे, शिक्षा जुनीच. शिवाय यादीत ‘धर्म’ हा शब्दच नाही. तो ‘समुदाय’ किंवा ‘श्रद्धा’ यांत बसवायचा, आणि बचाव पक्ष तिथेच अडवणार.

पाचाची अटही घातक आहे. सात आरोपींपैकी तिघे संशयाचा फायदा मिळून सुटले आणि फिर्यादीत ‘इतर अनोळखी’ इसमांचा उल्लेख नसेल, तर हे कलम टिकवणे फार अवघड होते.

खरी गळती खालच्या गुन्ह्यांत आहे. रोज घडते ती साधी मारहाण, ११५(२). कमाल एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून कागद हातात देतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. नाव विचारून, भाषा ऐकून मारले, तरी तो हेतू कुठल्याच कागदावर येत नाही. वाढीव शिक्षेची आणि दखलपात्रतेची गरज इथे आहे.

अनुसूचित जाती-जमातींना अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार तरी आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी जमावाने ठार मारलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते. महाराष्ट्रात हा भटक्या जमातींचा प्रवर्ग, म्हणून तो कायदा त्यांना लागू नाही. आपल्याच जत तालुक्यात लवंगा येथे सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झाली. अशा प्रकरणात कारण नुसती अफवा की परप्रांतीय असणे, हे मारण्याआधी काय विचारले आणि काय बोलले यावरूनच ठरते.

म्हणून पहिली फिर्याद महत्त्वाची. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्या साच्यातल्या ओळीने भागत नाही. कोण बोलला, कोणते शब्द, पहिल्या फटक्याआधी की नंतर, जवळ कोण उभे होते, हे त्याच शब्दांत उतरवून घ्यायला लावावे. हीच गोष्ट पुढे पुरवणी जबाबात आली, तर उलटतपासात ‘मागाहून सुचलेली’ ठरते. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. फॉरवर्ड होताना फाइल आकसते आणि मूळची माहिती जाते. ज्या फोनवर चित्रण झाले तोच पंचनाम्याने जप्त व्हावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइलचा जणू डिजिटल ठसा) प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

हेतूचे कलम कसे लिहिले आहे यावर किती अवलंबून असते, ते खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडाने दाखवले. २००८ मध्ये सहा जणांना फाशी झाली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली, पण अॅट्रॉसिटीचे कलम लागलेच नाही. जुन्या वैराचा सूड मानला गेला. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने, २६ जानेवारी २०१६ पासून, ‘त्या कारणावरून’ऐवजी ‘जात माहीत असताना’ असा बदल झाला. द्वेषातून होणाऱ्या हल्ल्यांसाठी शिक्षा वाढवणारा कायदा केला, तर त्यातही असेच नेमके शब्द हवेत, आणि हेतूचा आरोप वेगळा ठेवावा, म्हणजे तो पडला तरी मूळ मारहाणीची शिक्षा कायम राहील.

चिथावणीच्या भाषणांचे दुखणे निराळे. न्याय संहितेच्या १९६ (गटांमध्ये वैर पसरवणे) आणि २९९ (धार्मिक भावना दुखावणे) या कलमांखाली न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये, त्याला मुदतच नाही. लगेच पुढच्या २१८ मध्ये सरकारी नोकरांसाठी १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे समजतात. तीच तरतूद २१७ लाही लावावी.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी नेमायला सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून झालेल्या हिंसाचारात एकाचा जीव गेला. त्यानंतर तरी सातारा आणि सांगलीतल्या प्रत्येक ठाण्याच्या फलकावर त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक लिहिलेला असावा.

– फौजदारी वकिली करणारा एक वाचक, सांगली