वर्तुळ सॉलोमनचे नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'अजब न्याय वर्तुळाचा' या नाटकावरचा लेख आवडला. खानोलकरांनी हे नाटक जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'वरून केले, हे बरोबरच. पण मूल वर्तुळात ठेवून दोघींतली खरी आई ओळखायची, ही कल्पना बायबलातल्या सॉलोमन राजाची, असे लेखक म्हणतात ते पटत नाही. सॉलोमनने मूल कापून दोघींना वाटायला तलवार मागवली होती. त्याच्या गोष्टीत वर्तुळ नाहीच.

वर्तुळ आले चीनमधून. युआन राजवटीत (१२७१–१३६८) ली शिंगदाओ याने 'ह्वेइलान जी', म्हणजे चुन्याच्या रिंगणाची कथा, हे नाटक लिहिले. १८३२ साली त्याचा फ्रेंच अनुवाद झाला, १९२५ मध्ये क्लाबुंडने त्यावर जर्मन नाटक केले, आणि पुढे तो धागा ब्रेख्तने उचलला.

मूळ गोष्ट त्याहूनही जुनी असणार. आपल्याकडच्या महाउम्मग्ग जातक या बौद्ध कथेत जमिनीवर रेघ ओढून तिच्यावर मूल ठेवतात आणि दोघींना ओढायला लावतात. त्यातली एक तर यक्षिणी आहे! आजीच्या तोंडून ही गोष्ट पाच मिनिटांत संपते. दोन बाया, एक मूल, शहाणा न्यायाधीश. त्या बाया इथवर कशा आल्या, याच्याशी लोककथेला देणेघेणे नसते.

चिनी नाटककाराने नेमके तेच धरले. त्या काळच्या 'त्साजू' नाटकाला चार अंक, जोडीला एखादा छोटा प्रवेश, आणि गाणी बहुधा एकाच पात्राला. इथे ती नायिकेला, हायतांगला आहेत. गरिबीपायी तिच्यावर देहविक्रयाची वेळ येते, मग ती एका श्रीमंताची धाकटी बायको होते, तिला मुलगा होतो. थोरली नवऱ्याला विष घालून आळ हिच्यावर ढकलते आणि इस्टेटीसाठी मूलही आपलेच म्हणते. सुईण आणि शेजारी पैसे खाऊन खोटी साक्ष देतात. कोर्टात तिचे कोणी ऐकत नाही, पण गाणे तिचेच असल्याने प्रेक्षकाला दुसऱ्या कोणाचे गाणे ऐकायला मिळतच नाही. लोककथेतला निवाडा येतो थेट चौथ्या अंकात.

लोककथेचा भोळेपणा मात्र नाटकाने सोडलेला नाही. खुनी कोण हे लपवलेलेच नाही. दशावतारातल्या राजासारखे प्रत्येक पात्र येताच आपली ओळख सांगते. खालच्या कोर्टाचा न्यायाधीश तर स्वतःच सांगतो, की कायदा आपल्याला कळत नाही, चांदी मिळाली की खटला मिटतो. (हे वाचताना हसू आले, आणि लगेच थांबलेही.)

शेवटी काइफेंग शहराचे न्यायाधीश बाओ झेंग चुन्याने रिंगण आखायला लावतात. बाओ (९९९–१०६२) खरेच होऊन गेले. लोकांनी त्यांना न्यायाचे दैवतच करून टाकले. हायतांग मूल ओढत नाही. मार खाऊन, पुन्हा हुकूम झाल्यावरही नाही. पोराचा हात तागाच्या काडीएवढा, तो मोडेल, असे ती गाते. ब्रेख्तने पुढे मूल जन्मदात्रीऐवजी सांभाळणाऱ्या ग्रुशाला दिले आणि त्याचे कौतुक भरपूर झाले. मला विचाराल तर त्या काडीच्या ओळीपुढे ते कौतुक फिके वाटते.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना नाट्यरसिक, मिरज