उशाशी तांब्या ठेव

सांगली, वैशाख

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

काल म्हणालीस, बाळाला दूध भरपूर यावं म्हणून मोबाईल वाजला की पाण्याचा ग्लास रिचवते, ४ लिटर झाल्याशिवाय झोपत नाही. हसूही आलं आणि पोटात कालवलंही. तुझ्या वेळी मला पाणी मागून मिळत नव्हतं गं.

बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं थोरल्यांचं म्हणणं. ओव्याचं कोमट पाणी, तेही फुलपात्रानं मोजून. वर तापलेले पत्रे, खाटेखाली शेगडी, आणि तू तोंड लावलंस की घशाला अशी कोरड पडायची की जीभ टाळूला चिकटायची. एका रात्री गुपचूप मोरीत गेले, बंबातलं निवलेलं पाणी तांब्यात काढलं आणि उभ्याउभ्या घटाघटा प्यायले. राखेचा वास होता त्याला. पण तसं गोड पाणी पुन्हा प्यायले नाही. बद्धकोष्ठानं टाके दुखून रडले, ते तर कुणाला सांगितलंही नाही.

दुधात १०० भागांतले ८७ भाग पाणीच असतं, आणि तू रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध देतेस. मग तहान लागणारच. ती लागली की पी. उशाशी तांब्या-भांडं ठेव, पाजायला बसलीस की हाताला लागेल असं. लघवी फिकट असली म्हणजे पुरतंय. ताक, वरणाचं पाणी, अळिवाची खीर, सगळं त्यातच धर. चहा मात्र लोहाच्या गोळीबरोबर नको, तासभर मागंपुढं घे.

पण ढोसून दूध वाढत नाही, बाई. विहिरीचा उपसा असतो ना, तसं आहे ते. बाळ ओढेल तितकं येतं. दूध कमी वाटलं तर ग्लास मोजण्यापेक्षा त्याला जास्त वेळा छातीशी घे.

आणि उन्हाचं म्हणून बाळाला चमचाभर पाणी द्या असं कुणी म्हणेल. सासूबाईही म्हणतील, मायेनंच. ६ महिने वरचं पाणी नाही, त्याची तहान दुधातच भागते. माझं नाव पुढं कर, वाईटपणा मी घेईन.

दादा रविवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर बडीशेप-ओवा आणि भडंग धाडते. मूठभर भडंग खा, मग मोबाईलला घंटा वाजवावी लागणार नाही.

तुझी,
आई