दुसऱ्या ऑपरेशनची कल्पना पहिल्या सहीआधी द्या

संपादक महोदय,

थायरॉईडच्या गाठीसाठी अर्धी ग्रंथी काढून रुग्ण घरी येतो आणि मग कळते की उरलेली अर्धीही काढायची आहे. अशा वेळी घरात एकच प्रश्न उठतो : पहिल्यांदा नीट काढली नाही का? माझ्या घरी हेच झाले. मी एसटीत वाहक आहे. उजवीकडची साडेचार सेंटिमीटरची गाठ काढली, टाके सुकले, ड्युटीवर हजर व्हायचे ठरले आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. दीर डॉक्टरांशी भांडायलाच निघाले. एकाने झाडपाल्यावाल्याचा पत्ता आणून दिला.

डॉक्टरांचे काहीच चुकले नव्हते. फॉलिक्युलर प्रकारची गाठ साधी की कॅन्सरची, हे सुईच्या तपासणीत ठरत नाही. पेशी गाठीचे आवरण भेदून बाहेर पडल्या का, रक्तवाहिन्यांत शिरल्या का, हे अख्खी गाठ काढून तपासल्यावरच समजते. म्हणून आधी एकच बाजू काढतात. गाठ साधी निघाली तर दुसरी बाजू शाबूत राहते, अनेकांना आयुष्यभराची गोळीही लागत नाही. कॅन्सर निघाला तरी गाठ लहान आणि कमी धोक्याची असेल तर तेवढ्यावर भागते. माझ्या गाठीच्या पेशी मात्र रक्तवाहिन्यांत शिरल्या होत्या. मला उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचे होते आणि ग्रंथी शिल्लक असली की बरेचसे आयोडीन तीच ओढून घेते. पुढे आजार उलटला का, हे रक्तातल्या थायरोग्लोब्युलिनवरून, म्हणजे थायरॉईडच्याच पेशी बनवतात त्या प्रथिनावरून पाहतात. अर्धी ग्रंथी उरली असेल तर त्या आकड्याचाही नीट भरवसा धरता येत नाही.

एका निवासी डॉक्टर मॅडमनी हे सगळे केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले, पण दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी. पहिल्या वेळी इंग्रजी संमतीपत्रावर बोट ठेवून ‘इथे सही करा’ एवढेच सांगण्यात आले होते.

माझे पोट आवाजावर. दुसऱ्या ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून ‘ई’ म्हणायला लावले, ते पहिल्या बाजूची आवाजाची नस ठीक आहे ना हे बघायला. दोन्हीकडच्या नसा दुखावल्या तर श्वासच अडू शकतो. थायरॉईडला चिकटून कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांनाही धक्का बसतो. दुसऱ्या रात्री माझ्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे आखडली, पाण्याचा पेला धरवेना. मला आधी सांगितले होते म्हणून लगेच सिस्टरला हाक मारली, शिरेतून कॅल्शियम दिल्यावर उतार पडला. शेजारच्या खाटेवरच्या मावशींना कुणी काही सांगितले नव्हते. लकवा मारला म्हणून त्या रडत बसल्या होत्या.

आरोग्य खात्याने थायरॉईडच्या ऑपरेशनाआधी द्यायचे एक पानी मराठी माहितीपत्रक काढावे आणि ते सरकारी, खासगी सगळ्या रुग्णालयांत रुग्णाला वाचून दाखवणे सक्तीचे करावे. तोवर ज्यांचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनी सहीआधीच विचारावे : बायोप्सीत कॅन्सर निघाला तर पुढे काय, दुसरे ऑपरेशन लागलेच तर साधारण कधी, आणि रिपोर्टसोबत गाठीच्या तपासणीच्या काचपट्ट्या व ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) कुठून मिळतील? दुसऱ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर ते मागतातच.

– एक महिला वाहक, सातारा